नवरा तर प्रेमळच आहे

काही महिन्यांपूर्वी एका वाचनगटात अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा मोठ्याने वाचून दाखवली गेली. वाचन संपले तेव्हा बराच वेळ कुणी काही बोलेना. मग एक वयस्कर बाई शांतपणे म्हणाल्या, “नवरा तर प्रेमळच आहे हो तिचा.” त्यांना वाद घालायचा नव्हता, ऐकताना जे जाणवले तेवढेच त्यांनी सांगितले होते. त्यांच्या शेजारी बसलेली तरुण मुलगी मात्र उसळून म्हणाली, “असेना का प्रेमळ, शेवटी जिंकते तीच!” पुढची सगळी चर्चा या दोन वाक्यांच्या मध्येच घुटमळत राहिली आणि वेळ संपल्यावर मंडळी आपापल्या वाटेने गेली. मला मात्र ती दोन्ही वाक्ये सोडेनात. दोन्हींत तथ्य होते आणि दोन्ही टोचत होती. त्यानंतर मी ती कथा पुन्हा वाचली, तिच्या काळाच्या जवळपास लिहिल्या गेलेल्या आणखी काही कथा काढून वाचल्या, आणि बाईच्या मोडत जाणाऱ्या मनाची गोष्ट निरनिराळ्या देशांतल्या लेखकांनी कशी सांगितली आहे ते पाहत राहिले.

आधी त्या प्रेमळपणाविषयी. कथा सांगणाऱ्या आजारी बाईचा डॉक्टर नवरा जॉन खरोखरच प्रेमळ आहे, आणि गिलमन यांनी तो तसा रंगवला हीच मला या कथेची सर्वांत मोठी ताकद वाटते. तो बायकोला मारत नाही, तिच्यावर ओरडत नाही, बाहेरख्यालीही नाही. तिच्या प्रकृतीसाठी त्याने उन्हाळ्यापुरते एक मोठे जुने घर भाड्याने घेतले आहे, वरच्या मजल्यावरची भरपूर उजेडाची आणि वाऱ्याची खोली निवडली आहे, दिवसाच्या प्रत्येक तासाला तिने काय घ्यायचे आणि काय करायचे हे ठरवून दिले आहे. ती थकली की तो तिला उचलून वर नेतो, पलंगावर निजवतो, आणि तिचे डोके शिणेपर्यंत शेजारी बसून वाचून दाखवतो. खोलीच्या भिंतींवरचा तो ओंगळ पिवळा कागद बदलावा असे ती म्हणते तेव्हा तो आधी तयारही होतो; मग त्याचे मन बदलते. आज कागद बदलला की उद्या तो अवजड पलंग, मग खिडक्यांचे गज, मग जिन्याच्या तोंडाशी असलेले फाटक, अशा मागण्या वाढतच जातील, असे त्याचे म्हणणे. निदान खालच्या मजल्यावर तरी राहू या, असे ती सुचवते. त्यावर तो तिला मिठीत घेतो, लाडाने वेडाबाई म्हणतो, आणि तिने म्हटले तर तळघरातही जाऊन राहू, शिवाय त्याला सफेदीही करून घेऊ, असे सांगतो. त्या मिठीत ऊब आहे, विनोद आहे, काळजी आहे. तिने नेमके काय मागितले होते त्याची दखल तेवढी नाही.

कथेत एक रात्र आहे, तिच्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबते. चांदणे पडले आहे, कागदावरची नक्षी खरेच हलते का ते हाताने चाचपून पाहण्यासाठी ती उठली आहे आणि जॉन जागा झाला आहे. बोलायला ही वेळ बरी आहे असे तिला वाटते. मला इथे बरे वाटत नाही, मला इथून घेऊन चल, असे ती त्याला सांगते. तो समजुतीने उत्तर देतो: भाड्याची मुदत संपायला तीन आठवडे राहिले आहेत, तुझ्या अंगावर मांस धरते आहे, चेहऱ्यावर रंग आला आहे, भूक वाढली आहे. आपले वजन जरासुद्धा वाढलेले नाही, भूक संध्याकाळी तू असतोस तेव्हा बरी असते पण सकाळी तू गेलास की नसते, असे ती सांगते. त्यावर तो तिला कवटाळून म्हणतो की हिला हवे तितके आजारी पडू द्या! मग ती हळूच म्हणते, “शरीराने कदाचित बरी असेन...” आणि वाक्य तिथेच तुटते, कारण तो ताठ उठून बसलेला असतो आणि अशा कठोर, दुखावलेल्या नजरेने तिच्याकडे पाहत असतो की तिला पुढचा शब्द उच्चारता येत नाही. माझ्यासाठी, आपल्या बाळासाठी आणि तुझ्या स्वतःसाठी हा विचार क्षणभरही मनात आणू नकोस, असे तो विनवतो; मी डॉक्टर म्हणून सांगतो आहे, तुझा माझ्यावर विश्वास नाही का, असे विचारतो. ती गप्प होते. थोड्या वेळाने तो झोपी जातो, तिलाही झोप लागली आहे असे समजून, आणि ती तासन्‌तास त्या नक्षीकडे पाहत पडून राहते.

इथे नवरा बोलतो आहे की डॉक्टर, हे वेगळे काढता येत नाही. नवऱ्याचे पटले नाही तर बाईने डॉक्टरकडे जावे, डॉक्टरचे पटले नाही तर नवऱ्याला सांगावे. तिच्या घरात दोन्ही माणसे एकाच अंगरख्यात आहेत. तिचा भाऊही डॉक्टर आहे आणि त्याचेही मत तेच आहे. घरच्या दोघा डॉक्टरांनी नाडी पाहून निकाल दिलेला आहे, आणि जिच्या आत तो आजार आहे तिला मत विचारण्याची गरज कुणाला वाटलेली नाही. मग ती लिहिते, चोरून. जॉनची चाहूल लागली की वही लपवते. जिवंत माणसाला मी हे सांगणार नाही, पण वहीचा हा कागद निर्जीव आहे, असे ती सुरुवातीलाच लिहून ठेवते. कथेतले परिच्छेद तुटक आणि आखूड आहेत, आणि त्या तुटकपणात वही पटकन मिटण्याची घाई मला ऐकू येते.

गिलमन यांनी हे कल्पनेने उभे केले, पण ज्या उपचाराविषयी लिहिले तो त्यांनी स्वतः घेतला होता. १८८४ मध्ये त्यांचे पहिले लग्न झाले, १८८५ मध्ये मुलगी झाली, आणि त्यांच्या मनावर जी काजळी धरली ती हटेना. १८८७ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या डॉ. सिलास वियर मिचेल यांच्याकडे गेल्या. ‘रेस्ट क्युअर’ म्हणून जगभर गाजलेला उपचार या मिचेल यांचाच, आणि त्यावरचे त्यांचे ‘फॅट अँड ब्लड’ हे पुस्तक १८७७ चे. रुग्ण बाईला सहा ते आठ आठवडे अंथरुणावर ठेवायचे, घरच्या माणसांपासून दूर. सुरुवातीला उठून बसायचे नाही, शिवायचे नाही, लिहायचे नाही, वाचायचे नाही. जेवण परिचारिका भरवणार. दर थोड्या तासांनी दूध, भरपूर आहार, आणि न हलणारे स्नायू वाळू नयेत म्हणून मालिश आणि विजेचे सौम्य झटके. मिचेल यांच्याकडे जाण्यापूर्वी गिलमन यांनी आपल्या आजाराचा सगळा इतिहास एका लांबलचक पत्रात लिहून काढला होता, डॉक्टरांना मदत व्हावी म्हणून. त्या पत्रातून बाईचा अहंमन्यपणा तेवढा दिसतो, असा शेरा मिळाल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. घरी परतताना मिळालेला सल्ला असा होता: जमेल तितके घरगुती आयुष्य जगा, बौद्धिक काम दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि जिवंत असेपर्यंत लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल हातात धरू नका. तीन महिने त्यांनी हे मनोभावे पाळले, आणि मन पूर्ण कोसळण्याच्या सीमेवर त्या अशा जाऊन पोचल्या की पलीकडचे दिसू लागले.

मिचेल यांना खलनायक करून टाकणे सोपे आहे, आणि त्यांच्याविषयी जसजसे वाचले तसतसे ते मला अवघड होत गेले. तो भोंदू माणूस नव्हता. अमेरिकन यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मज्जातंतूंवर त्याने जे काम केले ते आजही मोलाचे मानले जाते. हात किंवा पाय कापून टाकल्यावरही तो जागेवर आहे, दुखतो आहे, मुठी वळतो आहे, असे सैनिक सांगत. मिचेलने ते ऐकून घेतले, बारकाईने नोंदवले, आणि ‘फॅन्टम लिंब’ (नसलेल्या अवयवाचा भास) हे नाव १८७१ मध्ये त्यानेच रूढ केले. त्याआधी १८६६ मध्ये त्याने याच विषयावर ‘द केस ऑफ जॉर्ज डेडलो’ ही कथा लिहिली होती, दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेल्या माणसाच्या तोंडून सांगितलेली. ती ‘अटलांटिक मंथली’मध्ये निनावी छापली गेली आणि लोकांना इतकी खरी वाटली की त्या काल्पनिक माणसासाठी त्यांनी मदतीचे पैसे पाठवले. हेच ‘अटलांटिक’ पुढे गिलमन यांच्या कथेच्या वाट्याला आले, तेव्हा संपादक होरेस स्कडर यांनी ती परत पाठवली. ही कथा वाचून मी जितका दुःखी झालो तितके इतरांना केले तर स्वतःला क्षमा करू शकणार नाही, असे त्यांनी कळवले. अखेर १८९२ च्या जानेवारीत ती ‘न्यू इंग्लंड मॅगझीन’मध्ये छापून आली.

नसलेल्या हाताची वेदना ज्याने शब्दशः खरी मानली, त्याच माणसाला समोर बसलेल्या बाईचे पत्र अहंमन्यपणाचे वाटले.

त्याच मिचेलकडे मनाने खचलेले पुरुषही येत असत, आणि त्यांना तो बाहेर पाठवत असे. ओवेन विस्टर नावाचा तरुण १८८५ मध्ये असाच त्याच्याकडे आला, तेव्हा त्याला वायोमिंगला जाण्याचा सल्ला मिळाला: मोकळी हवा, घोडेस्वारी, शिकार. विस्टर बरा झाला, तिथल्या अनुभवांवर लिहू लागला, आणि १९०२ मध्ये आलेल्या ‘द व्हर्जिनियन’ या कादंबरीने नावारूपाला आला. एकाच्या आजारावर माळरान आणि लेखणी, दुसरीच्या आजारावर पलंग आणि लेखणीवर बंदी. तो वैद्यकाचा काळच तसा होता, हे मला मान्य आहे. पण निदान करणारा तोच होता, आणि लक्षणेही फारशी वेगळी नव्हती.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येते. शेवटी ती जिंकते. १९७३ मध्ये फेमिनिस्ट प्रेसने ही कथा विस्मृतीतून वर काढली, आणि त्यानंतरच्या पिढ्यांतल्या कित्येक वाचकांना शेवटच्या प्रसंगात विजय दिसला आहे. दार आतून बंद करून तिने कागद ओरबाडला आहे, नक्षीच्या गजांमागे अडकलेली जी बाई तिला दिसत असे ती बाहेर काढली आहे, ती बाई ती स्वतःच झाली आहे. दार उघडून जॉन आत येतो, समोरचे पाहून बेशुद्ध पडतो, आणि ती त्याच्या अंगावरून रांगत फेऱ्या घालत राहते. प्रतिमा म्हणून हे विलक्षण आहे. तिच्यावर वरचढ असलेला माणूस आता तिच्या गुडघ्यांखाली आहे. ती मुलगी का उसळली ते मला कळते, आणि तिचा उत्साह मला आवडलाही होता. तरीही तो प्रसंग हळू वाचावा लागतो. तिने कमरेला दोर बांधून घेतला आहे. पलंग हलेना म्हणून रागाने त्याचा एक कोपरा दातांनी तोडला आहे. खिडकीतून उडी मारण्याचा विचार तिच्या मनात येऊन गेला आहे. बाहेर जायची तिला इच्छा उरलेली नाही, कारण बाहेर सगळे हिरवे आहे आणि तिला पिवळेच हवे आहे. भिंतीच्या तळाशी खोलीभर फिरलेला एक मळकट पट्टा आहे, आणि त्यात तिचा खांदा बरोबर बसतो, म्हणून वाट चुकण्याची भीती नाही, असे ती समाधानाने लिहिते. इतक्या दिवसांत तिच्या मापाची हीच एक जागा तिला मिळाली आहे. यात विजय पाहायला माझे मन धजत नाही. उद्या सकाळी या बाईचे काय होईल, असा साधा प्रश्न मला पडतो. आणि खालच्या मजल्यावर तिचे तान्हे बाळ आहे, हेही विसरता येत नाही.

आणि कथेच्या पहिल्याच पानावर तिचे एक वाक्य आहे, जे या सगळ्या वादात बाजूला पडते. मी आजारी आहे यावर त्याचा विश्वासच नाही, असे ती म्हणते. तिची पहिली तक्रार हीच आहे. तिला कुणी उगाच वेडी ठरवले, अशी ही गोष्ट नाही. ती आजारी होती, तिला ते कळत होते, तिने ते सांगितले, आणि जॉनने तिला सांगितले की काळजीसारखे काही नाही, थोडा मानसिक ताण आहे इतकेच. मग जेव्हा आपण तिच्या वेडाला बंड म्हणतो, मुक्तीचे रूपक म्हणतो, तेव्हा ती आजारी नव्हतीच असे आपणही म्हणत असतो, आणि नकळत जॉनच्या बाजूला जाऊन उभे राहतो. बाळंतपणानंतर मनावर येणारे नैराश्य किती खरे आणि किती जीवघेणे असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. अन्यायाने तिचा आजार निर्माण केला असेलही किंवा नसेलही. पण अन्यायामुळे त्या आजारातून बाहेर पडण्याची प्रत्येक वाट बंद झाली, हे मात्र पानोपानी दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी पुसण्याची गरज नाही.

या संदर्भात रवींद्रनाथांच्या ‘स्त्रीर पत्र’मधली मृणाल मला फार जवळची वाटते. ही कथा १९१४ ची, ‘सबुज पत्र’ या मासिकात आलेली. पंधरा वर्षांच्या संसारानंतर पुरीच्या समुद्रकाठावरून मृणाल नवऱ्याला पहिलेच पत्र लिहिते, तेही परत न येण्याचे. ती चोरून कविता करत असे, हे सासरी कुणाला कधी कळले नाही. तिची मुलगी जन्मतःच गेली; बाळंतिणीची खोली पाहून इंग्रज डॉक्टर चिडला होता, हेही ती जाता जाता सांगते. पण पत्राचा जीव बिंदूत आहे. बिंदू ही मृणालच्या थोरल्या जावेची अनाथ बहीण, कुणालाच नको असलेली. तिला खपवायचे म्हणून जिथे दिली तिथे नवरा वेडा निघाला. दुपारी बिंदू जेवत असताना त्याने तिचे भाताचे ताट एकाएकी अंगणात भिरकावले. बिंदू ही राणी रासमणी (कोलकात्याची प्रसिद्ध श्रीमंत जमीनदारीण) आहे आणि नोकराने तिचे सोन्याचे ताट चोरले, असे त्याच्या डोक्यात आले होते. त्या रात्रीही सासूने तिला त्याच्याच खोलीत झोपायला पाठवले. भीतीने अर्धमेली झालेली ती पोर तो झोपल्यावर पळून आली, तेव्हा सख्ख्या बहिणीने काय म्हणावे? वेडा असो, काही असो, नवरा तो नवराच.

मला इथे जॉनची ती गजांची खोली आठवली. बाईचे मन बिघडले तर तिला माणसांपासून, कामापासून, बाळापासून तोडून वरच्या मजल्यावर ठेवायचे. पुरुषाचे मन बिघडले तर त्याचे लग्न करून द्यायचे आणि त्याचे वेड एका पोरीने रात्रंदिवस अंगावर घ्यायचे. अमेरिकेतल्या त्या सुखवस्तू घरात आणि कोलकात्याच्या त्या गल्लीत हजारो मैलांचे अंतर आहे, तरी आजाराची किंमत कुणी मोजायची हा हिशेब एकच. बिंदू शेवटी कपड्यांना आग लावून मरते, आणि गावातले लोक म्हणतात की पेटवून घेण्याची बायकांमध्ये फॅशनच झाली आहे, सगळे नाटक. त्यावर मृणाल विचारते की हे नाटक बंगाली बायकांच्या साड्यांवरच का होते, बंगाली वीरपुरुषांच्या धोतराच्या निऱ्यांवर का होत नाही. पत्राच्या अखेरीस ती जे सांगते ते ऐकताना मला नेहमी बळ येते: मी मरायला निघाले आहे असे समजू नका, मीराबाईही माझ्यासारखीच बाई होती, तिच्या बेड्याही काही हलक्या नव्हत्या, पण जगण्यासाठी तिला मरावे लागले नाही. मृणालला वेडही लागत नाही. ती शहाणी राहून बाहेर पडते, आणि हे किती दुर्मीळ आहे ते या सगळ्या कथा एकापाठोपाठ वाचल्यावर कळते.

जॉनच्या घरात मेरी नावाची एक बाई आहे. मेरी बाळाला छान सांभाळते हे किती बरे, एवढ्या एका ओळीत तिचे काम संपते. मेरीचे मन बिघडले असते तर तिला कुणी उजेडाची खोली दिली असती का? मिचेलचा उपचार पैसेवाल्या घरांसाठी होता, आणि गिलमन यांची सहानुभूतीही सगळ्या बायकांपर्यंत पोचत नव्हती. कृष्णवर्णीयांविषयी आणि स्थलांतरितांविषयी त्यांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचताना आजही खाली पाहावेसे वाटते. मेरीसारख्या बाईची गोष्ट मला सापडली ती चीनमध्ये, लू शुन यांच्या १९२४ च्या ‘झूफू’ या कथेत. तिला स्वतःचे नावसुद्धा नाही. मेलेल्या पहिल्या नवऱ्याच्या नावावरून तिला सगळे शियांगलिनची बायको म्हणतात. विधवा झाल्यावर ती पळून येऊन एका घरी मोलकरीण होते. सासू तिला पकडून नेऊन डोंगरातल्या एकाला विकते. लग्नाच्या वेळी ती टेबलाच्या कोपऱ्यावर डोके आपटून घेते. दुसरा नवरा तापाने जातो, मुलगा आ-माओ लांडगा नेतो. ती पुन्हा त्याच घरी कामाला येते आणि भेटेल त्याला सांगत सुटते: मीच मूर्ख, हिमवर्षाव झाला की जंगली जनावरे खाली उतरतात एवढेच मला माहीत होते, वसंतातही येतात हे नव्हते माहीत.

लू शुन यांनी पुढे जे दाखवले आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. पहिल्यांदा गावातल्या बायका तिची कहाणी मुद्दाम ऐकायला येतात, डोळे पुसतात, उसासे टाकतात आणि तृप्त होऊन परत जातात. थोड्याच दिवसांत सर्वांना ती पाठ होते. मग तिने तोंड उघडले की लोकच तिचे पहिले वाक्य म्हणून दाखवू लागतात, आणि ती तोंड तसेच उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत राहते. तिच्या दुःखाला श्रोते मिळाले होते आणि त्यांनी ते चघळून चोथा करून टाकले. त्यात एक जण तिच्या डोक्यात भरवते की मेल्यावर दोन नवरे तिच्यासाठी भांडतील आणि यमराज तिला करवतीने मधोमध कापील. सुटका हवी तर देवळाला एक उंबरठा दान कर, हजारो लोक तो तुडवतील आणि पाप फिटेल. जवळजवळ वर्षभर राबून साठलेली मजुरी ती त्यात घालते. मोकळ्या मनाने ती पूजेच्या दिवशी चषक आणि काड्या मांडायला पुढे होते, आणि मालकीण घाईघाईने म्हणते, “राहू दे, तू नको हात लावूस.” चटका बसावा तसा तिचा हात मागे येतो. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेलेले असतात. मग ती अंधाराला भिते, सावल्यांना भिते, भात शिजवायचेही विसरते. इथे डॉक्टर नाही, निदान नाही, कोंडून ठेवणारे दार नाही. एका साध्या वाक्याने मन मोडले आहे, आणि ते वाक्य उच्चारणारीला आपण काही वाईट बोललो याची जाणीवही नाही. अखेरीस भीक मागत फिरणारी ती, गावात आलेल्या शिकलेल्या निवेदकाला गाठून विचारते की माणूस मेल्यावर आत्मा उरतो का. तो चाचरतो आणि म्हणतो की नक्की सांगता येत नाही. नववर्षाच्या तोंडावर ती मरते, आणि नेमक्या सणाच्या वेळी मेली म्हणून मालक चिडतो.

तिचे कुणी नीट ऐकले असते तर, असे मनात येते. ते ऐकणे कसे असू शकते याचा एक नमुना सुझन ग्लास्पेल यांच्या १९१७ च्या ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’मध्ये आहे. तरुणपणी ग्लास्पेल वृत्तपत्रात बातमीदार होत्या, आणि अमेरिकेतल्या आयोवात १९०० च्या डिसेंबरमध्ये झालेल्या एका शेतकऱ्याच्या खुनाच्या खटल्याच्या बातम्या त्यांनी दिल्या होत्या. त्यावरून आधी नाटिका आणि मग ही कथा झाली. मिनी नावाच्या बाईवर नवऱ्याच्या खुनाचा आरोप आहे. शेरीफ आणि वकील घरभर कारण शोधत फिरतात, आणि स्वयंपाकघरात थांबलेल्या दोन बायकांना गोधडीसाठी शिवलेले तुकडे सापडतात. सगळे टाके सुबक, सारखे. एका तुकड्यावर मात्र ते वेडेवाकडे, भरकटलेले, जणू शिवणारीचे हात तिच्या ताब्यात नव्हते. दोघी एकमेकींकडे पाहतात. मग त्यांतली एक, मिसेस हेल, न बोलता ते टाके उसवते आणि नीट घालू लागते. पुढे त्यांना मान मुरगळलेला कॅनरी पक्षी सापडतो आणि बाकीचे सगळे उलगडते. पण माझ्यासाठी कथा त्या उसवण्यात आहे. एका बाईच्या मनाची अवस्था तिच्याच हातांनी कापडावर लिहिली गेली होती, आणि ती वाचता येणाऱ्या माणसांनी वाचली. वाचून झाल्यावर मिसेस हेलला समाधान वाटत नाही, लाज वाटते. इतकी वर्षे आपण या एकाकी घरी कधी डोकावलो नाही, हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा कोण देणार, असे ती म्हणते.

‘द यलो वॉलपेपर’ प्रसिद्ध झाल्यावर काय झाले, ते गिलमन यांनी १९१३ मध्ये आपल्या ‘फोररनर’ या मासिकात एका पानात सांगितले आहे. हे मासिक त्या एकहाती लिहीत आणि काढत. लेखणी हातात न धरण्याचा सल्ला त्यांनी केव्हाच झुगारला होता, जरी मनाचा थकवा त्यांना जन्मभर पुरला. बोस्टनच्या एका डॉक्टरने वृत्तपत्रात निषेध नोंदवला की अशी कथा लिहिलीच जाऊ नये, वाचणाऱ्याला वेड लागायचे. कॅन्सासच्या दुसऱ्या एका डॉक्टरने पत्र लिहिले की वेड कसे सुरू होते याचे इतके चांगले वर्णन त्याने दुसरीकडे पाहिलेले नाही, आणि क्षमा मागून विचारले की आपण स्वतः तिथे जाऊन आला आहात का. इतक्या डॉक्टरांत तिलाच विचारणारा हा एक. त्याच पानावर त्या स्वतःविषयी सरळ सांगतात: भास मला कधी झाले नाहीत, भिंतीच्या कागदाशी माझे भांडण नव्हते, पण त्या सीमेपर्यंत मी गेले होते. कथेची एक प्रत त्यांनी मिचेल यांनाही पाठवली होती; पोच आली नाही. मिचेल यांनी पुढे उपचार बदलले असे त्यांच्या कानावर आले होते, पण त्याचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. आणखी एक गोष्ट त्या पानावर आहे. अशाच अवस्थेत असलेल्या एका बाईच्या घरच्यांनी ही कथा वाचली, आणि त्यांना इतकी धास्ती वाटली की त्यांनी तिला पुन्हा कामाधामात, माणसांत वावरू दिले, आणि ती बरी झाली.